ठोकळ्याचे चार चाप

सत्तरी ओलांडली तरी टाचणीकाकांचा हात काही स्वस्थ बसायचा नाही. समोरचा माणूस तावातावाने काहीतरी सांगत असावा आणि काकांची नजर मात्र त्याच्या शर्टाच्या लोंबत्या बटणावर. "थांबा जरा," म्हणून ते खिशातून सुईदोरा काढत, आणि बटण पक्कं होईपर्यंत त्या बिचाऱ्याने आपलं रडगाणं आवरून उभं राहायचं. टेलिव्हिजनच्या स्टुडिओत बत्तीस वर्षं नटांना कपडे चढवण्या-उतरवण्याचं काम केलेला माणूस. ओठांत कायम चार-सहा टाचण्या धरलेल्या, म्हणून नाव पडलं टाचणी. पुढे केस पिकले तसं 'काका' जोडलं गेलं. तोंडात टाचण्या असलेला माणूस चहाड्या करत नाही, असं सेटवरचे लोक हसून म्हणायचे.

बायको गेल्यावर काका मुलाकडे राहायला आले. त्यांच्या वाट्याला आली स्वयंपाकघरामागची खोली. आधीच्या मालकाने ती अडगळीसाठी बांधलेली. पलंग, खुर्ची, भिंतीवर टीव्ही, आणि छतालगत एक काचेचा झरोका, तोही रंगाच्या थरांखाली कायमचा चिकटलेला. दाराची कडी आतून नव्हतीच, बाहेरून होती, अडगळीच्या खोलीला असते तशी. "बाबा, ती कडी काढून आत बसवून देतो," असं मुलगा चार वर्षं म्हणत होता. काकाही हसून म्हणायचे, "अरे, मला कोण चोरून नेतंय?"

एका संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तो पाठीमागे हात लपवून.

"बाबा, ओळखा पाहू काय आणलंय!"

काकांनी ओळखलं नाही. मुलाने चकचकीत खोका टेबलावर ठेवला. खोक्यावर काळं आभाळ, त्यात लुकलुकणारी चौकी, सहा माणसं, आणि त्यांच्या मागे पत्र्याच्या डोक्याचा, चौकोनी अंगाचा तो. ठोकळा. वर मोठ्या अक्षरांत 'दूरची चौकी'.

"सगळे सव्वीस भाग, सात डीव्हीडी. चित्र एकदम लख्ख केलंय. आणि आवाज तर असा धुऊन काढलाय म्हणे की सेटवर कुणी शिंकलं असेल तरी ऐकू यावं! तुमचं नावसुद्धा आहे शेवटी, वेशभूषा साहाय्य."

"कशाला खर्च केलास उगाच," काका म्हणाले आणि खोका हातात न घेता चष्मा पुसत बसले. सून म्हणाली, "बघा, आनंदाने बोलतीच बंद झाली." तिला बिचारीला काय माहीत.

अडतीस वर्षांपूर्वी ही मालिका लागली की पोरं खेळ टाकून घराकडे पळत. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर एक चौकी, तिथे सहा माणसं, आणि त्यांचं पडेल ते काम करणारा यंत्रमानव ठोकळा. पोरांना त्या सहांचं काही पडलेलं नसायचं, त्यांना हवा असायचा ठोकळा. त्या ठोकळ्यात एक जिवंत माणूस असायचा. त्याला सगळे मिऱ्या म्हणत. मिरीच्या दाण्यासारखाच चणीने एवढासा आणि जिभेने तिखट. त्याचा चेहरा सव्वीस भागांत कुणाला एकदाही दिसला नाही.

ठोकळ्याचं अंग फायबरचं. पाठीचा भाग कपाटाच्या दारासारखा उघडायचा. मिऱ्या आत शिरला की दार लावून चार चाप बसवायचे, वर दोन, खाली दोन, सगळे बाहेरून. आतून ते उघडायची सोय नव्हती, कारण तसा विचारच कुणी केला नव्हता. चाप लावणं आणि काढणं हे काम टाचणीकाकांचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आत एक छोटा पंखा, त्याची वायर टाचेतून निघून सेटच्या विजेला जोडलेली. आणि नियम एकच. मिऱ्याने आतून तीनदा टकटक केलं की हातातलं काम टाकून उघडायचं. बोटाने वाजवलेलं सेटच्या गोंगाटात ऐकू येत नसे, म्हणून काकांनी आपलं पोलादी अंगुस्तान, शिवताना बोटाला घालतात ती टोपी, मिऱ्याला दिलेलं. ते घालून वाजवलं की आवाज खणखणीत यायचा.

एकोणिसाव्या भागाच्या शूटिंगच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मिऱ्याचा जीव ठोकळ्यातच गेला. सुट्टी झाली म्हणून दिवेवाल्याने मुख्य बटण बंद केलं आणि पंखा थांबला. दिव्यांनी फायबर तापलेलं होतं. चौकशी झाली तेव्हा काकांनी सांगितलं, मी दहा पावलांवर होतो, टकटक झाली नाही. अडतीस वर्षं ते हेच सांगत आले होते. पुढचे भाग दुसऱ्या कुणाला तरी आत घालून पुरे केले आणि प्रेक्षकांना पत्तासुद्धा लागला नाही.

खोका आठवडाभर टेबलावर तसाच पडून राहिला. मग एका सकाळी फोन आला.

"काका, मी मिऱ्यांची मुलगी. तुम्ही मला लहानपणी पाहिलंय. मालिका आलीय ना, मी घेतलीय. पण मला कळतच नाही, कुठल्या दृश्यात बाबा आत आहेत आणि कुठे नुसता सांगाडा उभा केलाय. आई म्हणायची, टाचणीला सगळं माहीत असेल. रविवारी येऊ का? दोघं मिळून बघू."

नाही कसं म्हणणार? काका "ये की" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावरचा खोका उचलून खोलीत नेला. शिंकलं तरी ऐकू येतं, मुलगा म्हणाला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. रविवार यायच्या आधी आपण एकट्याने बघून घ्यावं, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी जेवणं झाल्यावर सून पुढच्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरच्या कामाला बसली आणि काकांनी पहिली डीव्हीडी लावली. डीव्हीडीच्या यंत्रावर हिरव्या आकड्यांत भागाचा उरलेला वेळ उलटा चालायचा. ते मात्र त्यांना आवडलं. पहिला भाग झाला, दुसरा झाला. चौकीप्रमुखाची कॉलर वाकडी बसलेली बघून काकांना चुटपुट लागली. मिऱ्याची चाल दिसली की त्यांच्या ओठांवर हसू येई आणि लगेच जाई. भिण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या भागात चौकीप्रमुख घरून आलेलं पत्र वाचतो. मागच्या कोपऱ्यात ठोकळा उभा आहे. हा रिकामा. दूरच्या दृश्यांत मिऱ्याला कशाला घामाने भिजवायचं म्हणून स्टँडवर नुसता सांगाडा उभा करत, आणि तो काकांनी स्वतः उभा केलेला होता. प्रमुखाने पत्राची घडी घातली. सेटवर शांतता होती.

टक. टक. टक.

काकांनी रिमोट उचलला, मागे नेलं. पुन्हा तेच. पत्र, घडी, शांतता, टक टक टक. सुतारांचं असेल, ते स्वतःशी म्हणाले. शेजारच्या सेटवर सुतार कायम ठोकत असायचे. पण सुताराची हातोडी लाकडावर पडते. हा पोलादाचा फायबरवर पडलेला आवाज होता, आणि तो आवाज ज्यांच्या कानांना ओळखीचा आहे अशी माणसं जगात दोनच झाली.

"बाबा!" सून दारात आली. "दार वाजतंय का कुणी?"

"नाही गं. मालिकेतलं आहे ते."

"अगंबाई, मला वाटलं कुरियरवाला." ती हसून गेली.

पाचव्या भागात टकटक दोन ठिकाणी होती, सातव्यात चार. दरवेळी रिकाम्या ठोकळ्यातून. काकांनी कागद घेतला आणि शिंप्याला माप टिपून घ्यायची सवय असते तसं लिहून ठेवलं: भाग, दृश्य, ठोकळा भरलेला की रिकामा. भरलेल्यातून एकही टकटक नव्हती. रिकामा दिसला की तीन, थोड्या वेळाने तीन, मग बऱ्याच अवकाशाने तीन, जरा हळू. मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा काकांनी एकही भाग चुकवला नव्हता. तेव्हा हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, वाजलं हो!"

"मालिकेतलं, मालिकेतलं."

तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही. उलट रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाली, "बाबांच्या यंत्रमानवाने नुसता उच्छाद मांडलाय. पण आता कानांना सवय झाली. वाजलं की मी उठतच नाही." मुलगा हसला. काका अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला गेले.

रविवारी मुलगी आली. मुलगी कसली, पंचेचाळिशीची बाई. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. पण जिवणी थेट मिऱ्याची. येताना तिने काकांसाठी मफलर आणला होता. खोलीत एकच खुर्ची, ती तिला दिली आणि काका पलंगावर बसले.

"ह्यात बाबा आहेत?"

"आहे. बघ, हात उचलायच्या आधी डावा खांदा उडतो. ती त्याची ढब."

"अय्या, माझाही उडतो!" ती हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना रुमाल लावला. "आणि हा?"

"हा रिकामा."

टक. टक. टक. एवढी स्पष्ट की काकांच्या पायातली स्लीपर गळाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे पडद्याकडे बघत होती, पापणीही लवली नव्हती. पुन्हा तीन वाजली. बाईचं लक्ष चित्रातच. काकांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि अगदी खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं.

अठरावा भाग संपल्यावर तिने स्वतःच रिमोट घेऊन टीव्ही थांबवला.

"पुढे बाबा नाहीत ना?"

"नाहीत."

"काका, एक विचारू? त्या दिवशी सकाळी आईबाबांचं भांडण झालं होतं. कशावरून, ते आईला नंतर आठवतसुद्धा नव्हतं. पण ती म्हणाली होती, जा, आणि परत तोंड दाखवू नका मला. मग दुपारी ते तसं झालं. तुम्ही सांगितलंत, वाजवलंच नाही. आईने त्याचा अर्थ काय लावला असेल? की त्यांना बाहेर यायचंच नव्हतं. गेल्या वर्षी गेली ती. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती, पण हे मात्र बोलायची. एकदाच माझं ऐकलं त्यांनी, म्हणायची, आणि तेही हे."

काकांना हे माहीत नव्हतं. अडतीस वर्षांत त्या घराची पायरी ते चढले नव्हते, मग माहीत कुठून असणार?

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "गोंगाट असेल. तुम्हाला तेव्हा नीट कळलं नसेल. पण एकदा तरी, अगदी हळू, वाजलं होतं का हो?"

एवढी सोपी वाट तिने करून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरे होतं. काकांच्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात दारात सून चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली, आणि तिच्या खांद्यावरून मुलगा कौतुकाने आत डोकावत होता.

"नाही गं पोरी," काका म्हणाले. "वाजलं असतं तर मी धावलो नसतो का?"

तिने मान हलवली. चहा घेतला. निघायच्या आधी तिच्या बाहीचं बटण लोंबताना दिसलं आणि काकांनी सवयीने शिवणाचा डबा ओढला. ती मनगट पुढे करून उभी राहिली.

"आई म्हणायची, बाबांच्या बोटात धातूचं काहीतरी असायचं. परत आलेल्या सामानात ते नव्हतं."

"असेल. मला आठवत नाही," काका म्हणाले आणि दोरा दातांनी तोडला. डब्यात, बटणांच्या तळाशी, अंगुस्तान होतं.

खरं काय ते आता सांगायलाच हवं. मिऱ्या मस्करीखोर होता. नाक खाजतंय म्हणून तीनदा वाजवायचा, विनोद सुचला म्हणून तीनदा वाजवायचा. त्या दिवशी सकाळपासून त्याने काकांना चौदा वेळा पळवलं होतं. सुट्टी झाली, सगळे जेवायला गेले. काका पडद्यामागे प्रमुखाची फाटलेली कॉलर शिवत बसले, शेजारी स्टोव्हवर चहा ठेवलेला. ठोकळ्यातून तीनदा टकटक झाली. काका बसल्या जागेवरून ओरडले, "दम धर जरा. चहा होऊ दे." पुन्हा तीन वाजली. काकांनी मनात म्हटलं, बस आज, म्हणजे खोड मोडेल. तिसऱ्यांदा वाजली ती हळू. आला ताळ्यावर, असं काकांना वाटलं, आणि बरं वाटलं. चहा संपवून ते उठले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पहिल्या टकटकीपासून अकरा मिनिटं झाली होती. चाप काढले तर मिऱ्या पुढे कलंडलेला, बोटात अंगुस्तान, आणि समोरच्या फायबरवर तिनातिनाच्या ओळींनी खळगे. काकांनी आधी अंगुस्तान काढून खिशात टाकलं. मग ओरडले. दुसऱ्या दिवशी, नव्या माणसाला टोचू नये म्हणून, त्यांनी ठोकळ्याला आतून नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जाड अस्तर चिकटवलं. सगळे म्हणाले, टाचणी किती काळजी घेतो.

रविवारनंतर टकटक बंद झाली. काकांनी तिसरा भाग पुन्हा लावून पाहिला. पत्र, घडी, आणि नुसती शांतता. सातवा पाहिला, बारावा पाहिला. कुठे काही नाही. सुटलो, काका म्हणाले. पण सुटलेल्या माणसाला झोप लागते. काकांना लागेना. त्यांनी पुढचे भाग लावले.

एकोणिसाव्या भागात ठोकळा पाठमोरा खिडकीशी उभा आहे. काकांनी चष्मा पुसून पाहिलं. वरचा डावा चाप उघडा होता.

बत्तीस वर्षांत त्यांनी एक हूक उघडं सोडलं नव्हतं.

एकविसाव्यात वरचे दोन्ही उघडे. नट त्याच्या बाजूने येत-जात होते, हसत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. चोविसाव्यात तिसरा. पाठीचं दार एका चापावर लटकलं होतं आणि थोडं थोडं हलत होतं, आत-बाहेर, आत-बाहेर, श्वास घेतल्यासारखं. काकांनी टीव्हीची वायरच ओढून काढली.

त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मिऱ्यापेक्षा मिऱ्याच्या बायकोची जास्त आठवण आली. नवऱ्याचा डबा घेऊन कधीतरी सेटवर यायची, कोपऱ्यात उभी राहायची. अडतीस वर्षं त्या बाईने स्वतःला नवऱ्याचा जीव घेणारी मानलं, आणि आपण इथे बटणं लावत बसलो. काका अंधारात रडले. सकाळी उठून त्यांनी फोन लावला.

"पोरी, आज चारला येशील? तुझ्या बाबांची एक वस्तू आहे माझ्याकडे. आणि एक गोष्ट सांगायचीय."

ती म्हणाली, "येते."

काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. अंगुस्तान मऊ कापडाने पुसून खिशात ठेवलं. सुनेला म्हणाले, "आज चहा जरा चांगला कर गं." मन हलकं झालं होतं. मुलासमोर मान खाली जाईल तर जाऊ दे, सुनेला कळेल तर कळू दे. सगळ्यांच्या देखत सांगायचं. पावणेचारला ते पुढच्या खोलीत बसून वाट बघत होते.

तेव्हा त्यांच्या खोलीतून मालिकेचं संगीत ऐकू आलं.

वायर काढलेली होती. काका उठले. खोलीत टीव्ही चालू होता. सव्विसावा भाग. चौकी रिकामी करून सगळे निघून गेलेत, दिवे एकेक विझताहेत, आणि मधोमध ठोकळा पाठमोरा उभा. चारही चाप उघडे.

काका दोन पावलं पुढे गेले.

ठोकळ्याचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. नमदा खालपर्यंत सोलून काढलेला होता, आणि खळगे दिसत होते, तीन, तीन, तीन.

मागे खोलीचं दार लागलं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला.

काका वळले. दार ढकललं. ओढलं. "सूनबाई" म्हणून हाक मारायला गेले, पण ओठ उघडेनात. टाचण्या धरल्यासारखे घट्ट मिटलेले. डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. टीव्ही चालूच होता.

पुढच्या खोलीत बेल वाजली. सुनेचा आवाज आला, "या या, तुमचीच वाट बघताहेत." मग ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, त्या आल्यात!"

काकांनी खिशातून अंगुस्तान काढलं, बोटात घातलं आणि दारावर वाजवलं. तीनदा.

टीव्हीतून एक आवाज आला. तरणा, वैतागलेला. काकांचाच.

"दम धर जरा. चहा होऊ दे."

बाहेर सून हसली. "ऐकलंत? आधी चहा घ्या म्हणताहेत. बसा ना तुम्ही. भाग संपला की येतील."

काकांनी पुन्हा वाजवलं. तीनदा. जोरात. हवा जड झाली होती आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

"हे वाजतंय ना," सून सांगत होती, "ते त्या मालिकेतलं. दिवसभर चालू असतं. आम्ही आता लक्षच देत नाही."

"काय वाजतंय?"

"ही टकटक हो."

पुढच्या खोलीत क्षणभर सगळं शांत झालं. मुलगी लक्ष देऊन ऐकत असावी. काकांनी सगळा जीव बोटात आणून वाजवलं. एक, दोन, तीन.

"नाही हो," मुलगी म्हणाली. "काहीच वाजलं नाही."

मग कपबश्या मांडल्याचा आवाज आला. काका दाराला टेकून हळूहळू खाली बसले. यंत्रावर हिरवे आकडे उलटे चालले होते. भाग संपायला अजून दहा मिनिटं चाळीस सेकंद होती.